चित्रकथी : चित्र आणि गाणे एकाच माणसाकडे होते तेव्हा

१/
परभणी जिल्ह्यातून वाहणारी गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम असे तालुके मागे टाकीत नांदेडकडे जाते. याच नदीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. भारतीय चित्रकलेच्या इतिहासात ‘पैठण चित्रे’ नावाची एक शैली ओळखली जाते. कागदावर ठसठशीत रंगांत काढलेली ही चित्रे आज संग्रहालयांत काचेमागे दिसतात. ती भिंतीवर लावण्यासाठी काढलेलीच नव्हती. रात्री, दिव्याच्या उजेडात, वाद्यांच्या साथीवर ती गाऊन दाखवली जात. ती गाऊन दाखवणारा कलावंत म्हणजे चित्रकथी.

२/
चित्रकला आणि संगीत या दोन्ही कला एकाच माणसाने सांभाळायच्या, तर त्याचा दिवस कसा जातो? पोट कशावर भरते? आजच्या स्वतंत्र कलावंताला पडणारा हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. चित्रकथींच्या घराण्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सोडवला होता. ते उत्तर काय होते आणि ते पुढे का मोडले, याचा हा धागा.

३/
प्रथम परंपरेचे वय पाहू. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचे उल्लेख भारतीय वाङ्मयात फार जुने आहेत. आजीविक पंथाचा प्रमुख मक्खली गोशाल हा ‘मंख’ म्हणजे चित्रफलक दाखवून पोट भरणाऱ्याचा मुलगा होता, असे जैन आगमात सांगितले आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त भर बाजारात यमलोकाचा पट उलगडून बसलेला माणूस येतो. त्याच्याभोवती पोरांचे कोंडाळे जमलेले आहे.

४/
विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात तर चाणक्याचा हेर निपुणक यमपट दाखवीत आणि गाणी म्हणत घरोघरी हिंडतो. चित्र दाखवणाऱ्या गायकाला कोणत्याही उंबऱ्याशी थांबता येते, त्याच्यावर संशय घेतला जात नाही, ही गोष्ट त्या काळच्या प्रेक्षकाला पटण्यासारखी होती. पुढे शिवकाळात आपल्या पूर्वजांनी हेरगिरी केल्याची आठवण पिंगुळीचे ठाकर कलावंतही सांगतात. या पिंगुळीकडे पुढे येऊच.

५/
महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा उल्लेख ‘मानसोल्लास’ या ग्रंथातला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा ग्रंथ सिद्ध केला. आजचा मराठवाडा त्या काळी याच राजघराण्याच्या सत्तेखाली होता. रंगवलेल्या चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्याला या ग्रंथात ‘चित्रकथक’ असे नाव दिले आहे.

६/
याच ग्रंथात भिंतीवर चित्र काढण्याची कृती आहे, गायन-वादनाची प्रकरणे आहेत आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंदही आहे. कामाला जोडलेले गाणे ही या भूमीची जुनी रीत. जनाबाईंचे गंगाखेड परभणी जिल्ह्यातलेच. हात जात्यावर आणि ओठांवर ओवी, हे जनाबाईंचे चित्र प्रत्येक मराठी मनात आहे. चित्रकथीचेही तसेच होते. फरक इतकाच, की त्याच्या हाताखाली जात्याऐवजी कागद होता.

७/
आता ‘पैठण चित्रे’ या नावाविषयी. विसाव्या शतकात या चित्रांचे संच पैठण भागात मिळाले, म्हणून संग्राहकांनी आणि अभ्यासकांनी त्यांना पैठणचे नाव दिले. पुढे लक्षात आले, की अगदी याच वळणाची चित्रे दूर दक्षिण कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी आहेत. तिथे ती नुसती जपून ठेवलेली नव्हती. ती वापरात होती आणि ती गाणारी माणसेही हयात होती.

८/
गोदावरीकाठी चित्रांना नाव मिळाले, पण गाणारा मागे राहिला नाही. पिंगुळीत गाणारा राहिला. म्हणून चित्रकथीचा दिवस कसा असे, हे जाणायचे तर परभणी-पैठणहून निघून सह्याद्री ओलांडावा लागतो आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील या गावी यावे लागते.

९/
पिंगुळीतील ठाकर समाजाकडे एकच कला नाही. चित्रकथी, लाकडी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या, पांगुळ बैल, राधानृत्य, गोंधळ, पोवाडा अशा कितीतरी कला या एका समाजात नांदल्या. एकाच घरातला माणूस लाकूड तासतो, चामड्यावर आकृती कोरतो, कागद रंगवतो आणि रात्री गायला बसतो. ‘तुम्ही नक्की कोण, चित्रकार की गायक?’ हा प्रश्न त्याच्या अंगणात कोणी विचारला नसता.

१०/
चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. ही पोथी बांधलेली नसते आणि तिच्यात मजकूरही नसतो. साधारण हातभर लांबीचे सुटे कागद, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एका आख्यानाला बहुधा तीस ते पन्नास चित्रे लागतात. रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील प्रसंग हा त्यांचा विषय. कथेचा मजकूर कागदावर कुठेच नाही. तो कलावंताला मुखोद्गत असतो.

११/
रंग घरचेच. माती, दगड, झाडपाला, काजळी यांतून ते काढायचे. कुटायचे, वाटायचे, गाळायचे, डिंकात कालवायचे. एक रंग हाती यायला जितका वेळ लागे, तितक्यात आज बाजारातून दहा डब्या आणता येतील. कोकणच्या दमट हवेत कागद टिकवणे हे आणखी वेगळे काम. पोथी कापडात गुंडाळून, कोरड्या जागी आणि देवासारखी मानाने ठेवायची.

१२/
चित्राची घडण पाहिली म्हणजे ते गाण्यासाठीच काढले आहे हे उमगते. चेहरे एका बाजूने दाखवलेले, डोळा मोठा, रेषा जाड, रंग सपाट. मागे डोंगर-झाडांचा पसारा फार नाही. देवळात पणतीच्या उजेडात, मागच्या रांगेतल्या माणसालाही राम कोणता आणि रावण कोणता हे कळले पाहिजे. बारीक कलाकुसर तिथे वाया गेली असती.

१३/
दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. या चित्रांत पात्रे बहुतेक वेळा समोरासमोर उभी असतात, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. म्हणजे चित्रात संवाद चालू आहे. पण तो संवाद कागद बोलत नाही, तो गायक बोलतो. युद्धाची धावपळ कागदावर थांबलेली दिसते आणि तिचा वेग वाद्यातून येतो. चित्रकाराने जे मुद्दाम सोडून दिले, ते गायकाने भरून काढायचे. दोन्ही एकच माणूस असला म्हणजे काय सोडायचे हे त्याला नेमके ठाऊक असते.

१४/
प्रयोगाला साधारण तीन माणसे लागतात. मुख्य कथेकरी वीणा धरून गातो आणि चित्रे पुढे करतो, एक जण हुडूक वाजवतो, एक जण टाळ धरतो. आरंभी गणपती आणि शारदा यांची चित्रे दाखवून वंदन करायचे, मग आख्यानाला हात घालायचा. एक चित्र समोर टेकवले, की त्यावर गद्य निवेदन, पद, संवाद असे सारे होते. प्रसंग संपला की ते चित्र खाली जाते आणि पुढचे वर येते. राजा, राणी, राक्षस, वानर या सगळ्यांचे आवाज एकाच गळ्यातून निघतात.

१५/
हे शिकण्याची शाळा घरातच. पोर आधी साथीला बसे. टाळ धरता धरता ताल अंगात मुरे, रात्री ऐकता ऐकता आख्यान पाठ होई आणि दिवसा वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून रंग वाटता वाटता हात वळे. चित्र कोणत्या क्रमाने लावायचे हे गाणे शिकवी आणि गाण्यात पुढे काय येते हे चित्र आठवून देई. स्मरणशक्तीच्या दृष्टीने हे दोन्ही एकमेकांचे आधार होते. एक काढून घेतले तर दुसरे डळमळणार, हे उघड होते.

१६/
या कलावंतांचे वर्ष पावसाशी बांधलेले. पावसाळ्यात भातशेती आणि घरकाम. पाऊस ओसरला, सणवार आणि जत्रा सुरू झाल्या, की देवळांतील कथा आणि गावोगावची फिरस्ती. पांगुळ बैल सजवून दारोदार जाण्याचे काम दिवसाउजेडी, कथा मात्र रात्रीची. म्हणजे कलावंताचा दिवस आजच्या भाषेत तीन पाळ्यांचा होता : शेत, रंगकाम, गाणे.

१७/
तरीही ही ओढाताण त्याला पेलत होती, कारण तिच्यामागे एक व्यवस्था होती. सावंतवाडीच्या संस्थानिकांनी या कलांना आश्रय दिला. कोणत्या गावच्या देवळात कोणत्या घराण्याने वर्षातून केव्हा कथा सांगायची, हे ठरलेले असे. तो त्या घराण्याचा मान होता. त्या रात्रीचे धान्य, नारळ, पैसा, वस्त्र जे काही मिळे ते भीक नव्हे. तो हक्क होता.

१८/
यात एक बारकावा आहे. चित्रकथीला चित्राचे पैसे कधी वेगळे मिळत नसत आणि गाण्याचेही वेगळे नाही. त्याला पैसे मिळत ते रात्रीचे. पोथी विकायची वस्तूच नव्हती. ती जीर्ण झाली की पाण्यात विसर्जित करायची आणि घरात नवी काढायची, अशी रीत होती. म्हणून दर पिढीत चित्र काढणारा हात लागेच. विसर्जनाच्या या प्रथेने जुनी चित्रे गेली खरी, पण चित्र काढण्याची विद्या घरात खेळती राहिली.

१९/
सगळीकडे असे नव्हते. राजस्थानात पाबूजींचा फड रंगवणारे जोशी चित्रकार वेगळे आणि रावणहत्थ्यावर तो गाणारा भोपा वेगळा. तेलंगणातील चेरियालचे पट नकाशी घराणी रंगवतात आणि ते घेऊन कथा सांगणारे समाज निराळे. बंगालचा पटुआ मात्र पिंगुळीच्या ठाकराचा सख्खा भाऊ शोभतो. तो पट स्वतः रंगवतो आणि स्वतःच गातो. दोन्ही कला एका घरात ठेवायच्या की वाटून घ्यायच्या, याची उत्तरे देशात अशी वेगवेगळी दिली गेली.

२०/
आता सह्याद्रीच्या अलीकडे, देशावर आणि वऱ्हाडात येऊ. चित्रकथी केवळ कोकणात नव्हते. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात मराठी मुलखात चित्रे दाखवीत फिरणाऱ्या या समाजाची नोंद आहे. वऱ्हाडातील अमरावतीकडे त्यांची वस्ती असल्याचे त्यात म्हटले आहे. मात्र तिथे त्यांची पहिली ओळख कलावंत म्हणून येत नाही. ती येते ‘धार्मिक भिक्षेकरी’ म्हणून.

२१/
या एका शब्दाने पुढे बरेच काही ठरवले. कोकणातल्या कथेकऱ्याला निदान देवळाचा मान होता. देशावर फिरणाऱ्या चित्रकथीला वाडा, पाटील, बाजार यांचाच आधार. तो आधार सुटत गेला आणि नोंदीतला शब्द मात्र चिकटून राहिला. १९५९ च्या मुंबईच्या भीक प्रतिबंधक कायद्यात तर गाणे, नाचणे, खेळ करून दाखवणे अशा निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणे हेही भीक मागण्याच्या व्याख्येत घातले गेले. ज्याचे सारे आयुष्य रस्त्यावर गाण्यात गेले, त्याच्या कामाकडे कायदा कोणत्या नजरेने पाहत होता हे यावरून कळते.

२२/
करमणुकीचे जगही पालटत होते. ३ मे १९१३ रोजी मुंबईत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. अंधारात बसलेले लोक, समोर उजळलेली पुराणकथेची चित्रे, भोवती जिवंत वाद्यांचा आवाज. चित्रकथीचाच हा खेळ आता यंत्राने मोठा केला होता. मूकपटाला वादक लागत. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने भारतीय चित्रपट बोलू लागला आणि चित्राजवळ बसून गाणाऱ्या माणसाची गरजच उरली नाही.

२३/
स्वातंत्र्यानंतर सावंतवाडी संस्थान विलीन झाले आणि देवळांच्या कथांमागचा राजाश्रय संपला. मान कागदोपत्री नव्हता, तो रीतीने चालत आलेला होता. त्यामुळे तो संपल्याचा हुकूमही निघाला नाही. एखाद्या वर्षी कथा झाली नाही, पुढच्या वर्षी कोणी विचारले नाही, एवढ्यावर पिढीजात नाते तुटू शकते. मुले नोकरीधंद्याला लागली. रात्रभर बसून ऐकणारे श्रोतेही कमी झाले.

२४/
याच सुमारास चित्राला स्वतंत्र किंमत आली. संग्राहकांच्या नजरेस ही चित्रे पडली. त्यांतील एक थोर नाव म्हणजे पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, कवी ‘अज्ञातवासी’. त्यांनी घरोघर हिंडून लोकजीवनातल्या वस्तू जमवल्या आणि तो संग्रह पुढे राज्य शासनाच्या हाती सोपवला. त्यांनी ही चित्रे सांभाळली नसती तर आज पैठण चित्रांविषयी बोलायलाही फारसे काही उरले नसते. हे ऋण मान्यच केले पाहिजे.

२५/
तरी त्याच संग्रहालयात मन अडखळते. तिथे ही चित्रे आहेत आणि भारतीय वाद्यांचा एक सुंदर संग्रहही आहे. चित्र एका जागी, वाद्य दुसऱ्या जागी. दोन्ही निगुतीने जपलेली आणि दोन्ही मुकी. चित्रकथीच्या घरात जे एकाच गाठोड्यात प्रवास करीत होते, त्याची संग्रहाच्या शिस्तीत वाटणी झाली. यात दोष संग्राहकाचा नाही. कागद आणि लाकूड जपता येते. गळा जपायचा तर माणूस जगवावा लागतो.

२६/
बाजाराने तर आणखी एक काप दिला. पोथी अख्खी घेण्यापेक्षा एखादे चित्र घेणे सोपे. सुटे कागद सुटेच विकले गेले. चाळीस चित्रांच्या आख्यानातले सतरावे एका संग्रहात आणि अठरावे दुसऱ्या देशात. त्यांवर मजकूर नाही, म्हणून प्रसंग कोणता हे ओळखण्यात अभ्यासकांची वर्षे जातात. ज्याला ते पहिल्या नजरेत सांगता आले असते, तो गायक तोवर निघून गेलेला असतो.

२७/
पिंगुळीने मात्र धागा सोडला नाही. १९७७ मध्ये मणी कौल यांनी ‘चित्रकथी’ हा माहितीपट केला आणि या कलेकडे देशातील जाणकारांचे लक्ष गेले. परशुराम आत्माराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गोठ्यात २००६ मध्ये ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ नावाचे संग्रहालय उभे केले. गुरांच्या जागी पोथ्या, बाहुल्या आणि वाद्ये आली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

२८/
या संग्रहालयाचे वेगळेपण त्याच्या आकारात नाही. तिथे चित्र दाखवणारा माणूस हुडूक वाजवतो आणि गातोही. भिंतीवरच्या चित्राचा प्रसंग विचारला तर उत्तर गाण्यात येऊ शकते. चित्र, वाद्य आणि गळा या तिन्ही गोष्टी पुन्हा एका छपराखाली आहेत. संग्रहालय शास्त्राची पदवी नसलेल्या कुटुंबाने आपल्या कलेचे खरे एकक काय आहे हे बरोबर ओळखले.

२९/
ओढाताण तिथेही संपलेली नाही, तिचे रूप बदलले आहे. आज चित्राला गिऱ्हाईक आहे. ते कागदावर, कापडावर काढून विकता येते, पाहुण्याला घरी नेता येते. रात्रभराची कथा कोणाला घरी नेता येत नाही. पाहुण्याच्या वेळेत बसेल एवढा तुकडाच गायला मिळतो. म्हणजे ब्रशला बाजार आहे आणि वीणेला कौतुक. ज्या कामाचे पैसे मिळतात त्याकडे नवी पिढी वळणार, यात तिला दोष देता येत नाही. पण आख्यान जितके तोकडे होईल, तितकी पोथीतली चित्रे अर्थहीन होत जातील.

३०/
आता पुन्हा गोदावरीकाठी. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत ‘चित्रकथी’ हे नाव आजही आहे. त्याच यादीत गोंधळीही आहेत. गोंधळ मराठवाड्यात आजही घरोघरी घातला जातो आणि परभणीचे राजाराम कदम यांच्यासारख्या कलावंतांनी त्याला रंगमंचावरही मान मिळवून दिला. चित्रकथी मात्र यादीत राहिला आणि अंगणातून गेला.

३१/
एकाच भूमीतल्या दोन कलांचे नशीब इतके वेगळे का? गोंधळी घरच्या लग्नकार्याशी जोडलेला आहे. तोही आधी धान्याने चौक भरतो, कलश मांडतो, म्हणजे एका अर्थी हाताने चित्र रेखतो आणि मग संबळाच्या ठेक्यावर गातो. पण लग्न झाले की गोंधळ घालणे हे कुळाचे कर्तव्य मानले जाते, म्हणून त्याला बोलावणे येतच राहते. चित्रकथीला असे बोलावणे देशावर उरले नाही. कोकणात ते देवळाच्या रूपाने बराच काळ टिकले, म्हणून तिथे कला टिकली.

३२/
या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. दोन कला एकत्र सांभाळणे चित्रकथीला अवघड गेले नाही. ते दोन्ही एकाच रात्रीसाठी होते आणि त्या रात्रीची जबाबदारी गावाने घेतली होती. गावाने ती जबाबदारी सोडली तेव्हा चित्र बाजारात गेले, वाद्य खुंटीला लागले आणि कलावंताच्या वाट्याला ‘यापैकी कोणते ठेवू?’ हा प्रश्न आला. आजचा कलावंत जेव्हा एक कला पोटासाठी आणि दुसरी मनासाठी असे वाटे घालतो, तेव्हा तो हाच प्रश्न नव्याने सोडवीत असतो.

३३/
गोदावरीच्या खोऱ्यातील एखाद्या जुन्या वाड्यात, माळ्यावर, कापडात बांधलेले चित्रांचे गाठोडे अजूनही निघू शकते. ते निघाले तर कागद सुटे करू नयेत, त्यांचा क्रम मोडू नये. आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला एकदा तरी विचारावे, की ही चित्रे दाखवायला कोण येत असे आणि तो काय म्हणत असे. एखादी ओळ, एखादी चाल जरी आठवली तरी ती त्याच गाठोड्यात लिहून ठेवावी. चित्राचा उरलेला अर्धा भाग तोच आहे.

(धागा समाप्त)